हळदीचा बँड आणि मोझार्टचे सेरेनेड

१/ वर्सोवा कोळीवाड्यात लग्नाच्या आदल्या दिवशी, हळदीला, बँड वाजतो. क्लॅरिनेट, ट्रंपेट, सॅक्सोफोन आणि ढोलताशा. वादक उभ्यानेच वाजवतात, आप्तेष्ट भोवती नाचतात. या संगीताला ‘अभिजात’ म्हणण्याचे धाडस सहसा कोणी करीत नाही.

२/ आता साल्झबर्ग, २१ जुलै १७७६. हाफनर या धनाढ्य घराण्यातील मारी एलिझाबेथचे दुसऱ्या दिवशी लग्न. तिच्या भावाने वीस वर्षांच्या मोझार्टकडून खास संगीत लिहवून घेतले. त्या संध्याकाळी हाफनरांच्या बागेत तंतुवाद्ये आणि सुषिरवाद्ये एकत्र वाजली. सोबतीला स्वतंत्र मार्चही होता. हेच ते ‘हाफनर सेरेनेड’. निमित्त पाहिले तर हळदीचाच बँड!

३/ सेरेनेड म्हणजे संध्याकाळी, बहुधा उघड्यावर, कोणाच्या तरी सन्मानार्थ वाजवायची हलकीफुलकी, अनेक भागांची रचना. लग्न आणि नामदिन ही तिची नेहमीची निमित्ते. सभागृहातील निःशब्द श्रोता तिला नंतर लाभला.

४/ ३१ ऑक्टोबर १७८१, व्हिएन्ना. मोझार्टचा नामदिन. रात्री ११ वाजता सहा गरीब वादक अंगणात उभे राहिले आणि त्यांनी त्याचेच सुषिरवाद्यांचे सेरेनेड वाजवले. मोझार्टला कोण आनंद झाला! वडिलांना त्याने तो पत्रातून कळवला.

५/ भारतात ब्रास बँड रुजला तो इंग्रजी लष्करी पथकांमुळे. म्हणजे युरोपीय सुषिरवाद्यांचीच एक शाखा कोळीवाड्याच्या गल्लीत पोहोचली आणि कोळीगीतांच्या ठेक्यावर नांदू लागली.

६/ आक्षेप उघड आहे: मोझार्टची प्रतिभा कुठे, वरातीचा बँड कुठे? आक्षेप खरा, पण अपुरा. मोझार्टच्या काळातील कितीतरी सामान्य रचनाही ग्रंथालयांत जपल्या गेल्या आहेत. कारण त्या कागदावर उतरल्या होत्या. बँडची चाल मात्र वादकाच्या बोटांत राहते आणि त्याच्याबरोबरच जाते.

७/ आज अनेक हळदींत बँडची जागा डीजे घेत आहे. तक्रार करून तो थांबणार नाही. पण वृद्ध वादकांच्या चाली ध्वनिमुद्रित करणे, त्यांची नावे, वाद्ये आणि गुरुपरंपरा नोंदवणे इतिहासाच्या विद्यार्थ्यांना आजही शक्य आहे.

८/ हाफनरांची हळद अडीचशे वर्षांनीही ऐकू येते. वर्सोव्याची पन्नास वर्षांपूर्वीची हळद कशी वाजत होती, हे सांगणारे अजून हयात आहेत. त्यांना विचारण्याची वेळ हीच.