सटवाईला पेन कशाला?

14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात बाबासाहेबांनी आपल्याला धम्मदीक्षा आणि 22 प्रतिज्ञा दिल्या. तरीही आपल्या कित्येक घरांत आजही बाळाच्या पाचवीला पाटा-वरवंटा पूजतात, शेजारी कोरा कागद आणि पेन ठेवतात. का? तर रात्री सटवाई येऊन बाळाचे नशीब लिहिणार! भिंतीवर बाबासाहेब आणि खाली सटवाई, हे कसे चालते?

आजीला मात्र हसू नका. तिची भीती खरी होती. नाळेच्या जखमेतून होणाऱ्या धनुर्वाताने कितीतरी बाळे पहिल्या पंधरवड्यातच दगावत. पण तो आजार पूजेने हटला नाही. गरोदरपणातले इंजेक्शन, स्वच्छ ब्लेड आणि दवाखान्यातले बाळंतपण यांनी तो हटवला. 2015 मध्ये भारतातून नवजात धनुर्वाताचे निर्मूलन झाल्याचे जाहीर झाले.

कपाळीच्या लेखाचा अर्थ काय? जन्माबरोबर ठरले ते बदलत नाही. जातिव्यवस्था तरी दुसरे काय सांगते? आपल्या पूर्वजांचे गावकुसाबाहेरचे जगणे सटवाईने नव्हे, माणसांनी लिहिले होते. म्हणूनच ते बाबासाहेबांना खोडता आले.

तेव्हा पाचवीला कोरा कागद ठेवू नका, जन्मनोंदणी झाली का ते बघा. मुदत 21 दिवसांची असते. 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेशासाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून हाच दाखला लागणार आहे. दीड महिन्याची लस चुकवू नका. नामकरण बुद्धवंदनेने करा आणि तेच नाव दाखल्यावर चढवा.

आपल्या लेकराचे आयुष्य लिहायचे पेन सटवाईला कशाला द्यायचे?

जय भीम!