मुलाला मिठी, मुलीला पूल

जॉन एव्हरेट मिले या चित्रकाराने येशूच्या दृष्टांतकथांवर काढलेली वीस चित्रे १८६४ साली लंडनमध्ये पुस्तकरूपाने निघाली. लाकडावर चित्रे कोरणाऱ्या डॅल्झिएल बंधूंनी १८५७ मध्ये सांगितली होती तीस. मिले यांनी सहा वर्षे तगादे झेलले आणि विसावर हात टेकले. पण उशीर सत्कारणी लागला. त्यातला, सारे उडवून घरी परतलेला उधळ्या मुलगा पाहावा. बापाने त्याला कवटाळले आहे. कुठे होतास, पैसा काय केलास, असले काही त्या चेहऱ्यावर नाही.

चित्र बॉक्सवुडच्या ठोकळ्यावर थेट काढायचे आणि कोरणाऱ्याने रेषेच्या दोन्ही अंगांचे लाकूड उकरायचे, अशी तेव्हाची रीत. राहील ती रेघ. चित्रकाराच्या हातचे मूळ चित्र त्या कोरण्यातच संपे. हत्यार घसरले, तर तेवढा भाग पोखरून तिथे नवा तुकडा ठोकत आणि पुन्हा कोरत. म्हणजे लाकडालाही प्रायश्चित्ताची सोय होती. मुलींना नव्हती.

चित्रकार जॉर्ज क्रुकशँकच्या प्रत्येकी आठ चित्रांच्या दोन मालिका घ्या. १८४७ च्या ‘द बॉटल’मध्ये दारूपायी घर बुडते. पुढच्याच वर्षीच्या ‘द ड्रंकर्ड्‌स चिल्ड्रन’मध्ये त्या घरातल्या मुलांची पाळी येते. (ही चित्रे लाकडावरची नव्हेत, मेणाच्या थरावर रेखून धातूचा साचा काढण्याच्या स्वस्त पद्धतीची. उपदेश खपवायचा तर किंमत आवाक्यात हवी!) चोरीच्या खटल्यात भावाला जन्मभर काळ्या पाण्याची शिक्षा होते आणि तो कैद्यांच्या जहाजावर मरतो. बहिणीला न्यायालय निर्दोष सोडते. चित्रकार सोडत नाही. शेवटच्या चित्रात ती पुलावरून नदीत कोसळते आहे. पुढे भाषाभ्यासक ग्रिअर्सन यांनी भारतातल्या बोलींच्या पाहणीसाठी उधळ्या मुलाचीच गोष्ट नमुना म्हणून घेतली, त्यामुळे मराठीच्या बोलींतही तो मुलगा घरी परतला आहे. उधळी मुलगी परतल्याची गोष्ट मुळातच नव्हती, तर नमुन्याला येणार कुठून?

क्रुकशँक पुढे मद्यबंदीचा कडवा प्रचारक झाला. १८७८ मध्ये तो वारला, तेव्हा उघड झाले की घरच्या जुन्या मोलकरणीशी त्याचा दुसरा संसार होता आणि तिच्यापासून त्याला अकरा मुले होती. त्याच्या अस्थींना सेंट पॉल कॅथीड्रलमध्ये जागा मिळायला या संसाराची अडचण झाली नाही.

आता एफी ग्रे. कलासमीक्षक रस्किनशी झालेला तिचा विवाह १८५४ मध्ये रद्द ठरला, कारण सहा वर्षांत तो शरीरसंबंधाने पूर्णच झाला नव्हता. कायद्याने आणि चर्चनेही तिला मोकळे केले. पुढच्या वर्षी तिने मिले यांच्याशी लग्न केले. क्षमेची ती चित्रे काढणाऱ्याची ही बायको. पण राणी व्हिक्टोरियाने तिला दरबाराची दारे बंद केली, ती चाळीस वर्षे. तिच्या नवऱ्याला मात्र त्याच काळात सरदारकी मिळाली, रॉयल अकॅडमीचे अध्यक्षपदही मिळाले. १८९६ मध्ये घशाच्या कर्करोगाने मिले यांची वाचा गेली होती. काही हवे आहे का, असे राणीने विचारवले. माझ्या बायकोला भेटा, असे त्यांनी लिहून कळवले, आणि मग कुठे एफीला आत बोलावणे आले.