दिव्यापाशी माणूस हवा

यवतमाळ जिल्ह्यात सरकारी नोकरी करणाऱ्याच्या हातात झरी जामणीचा आदेश पडला की लोक विचारतात, "कोणाशी वाकडं आलं?" मी या तालुक्यात आरोग्यसेविका म्हणून काम केलं आणि इथूनच निवृत्त झाले. नव्याने रुजू होणाऱ्यांच्या बाबतीत हा प्रश्न मी वारंवार ऐकला. दूरची नेमणूक म्हणजे शिक्षा, हे आपण मान्यच करून टाकलं आहे. शिक्षा म्हणून आलेला माणूस सुटकेची वाट बघतो. तो गेला की पद रिक्त राहतं आणि त्याची किंमत पोडावरची, म्हणजे वस्तीवरची, कोलाम आदिवासी माणसं मोजतात.

दूरची जागा कशी सांभाळायची असते, हे मला अलिबागजवळच्या खांदेरी बेटावर उमगलं. निवृत्तीनंतर थळहून होडीने तिथे गेले होते. बेटावर कोळ्यांचा वेताळ आहे, तटावर जुन्या तोफा आहेत आणि उंचावर १८६७ सालचं अष्टकोनी दीपगृह आहे. २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशात घेतलं, त्यात खांदेरी आहे. आता तिथे पर्यटक येतील, यावेत. पण त्या बेटाचा खरा वारसा माणसं टिकवण्याचा आहे.

शिवाजी महाराजांनी १६७९ मध्ये खांदेरीवर तटबंदी सुरू केली. मराठा आरमारातले मायनाक भंडारी आणि त्यांची माणसं बेटावर होती. समोर इंग्रजांची जहाजं आणि पाठोपाठ सिद्दीचं आरमार. ऐन वेढ्यात थळच्या किनाऱ्यावरून छोट्या होड्या रात्रीच्या अंधारात निसटून बेटावर रसद पोचवत राहिल्या. इंग्रजांची मोठी गलबतं त्यांना अडवू शकली नाहीत. बेटावरच्यांचं शौर्य आपण आठवतो, आणि ते आठवायलाच हवं. पण बेट टिकलं त्यात किनाऱ्याचाही वाटा होता. आपली माणसं तिथे आहेत याचा किनाऱ्याला विसर पडला नाही.

दीपगृहाचा कारभारही याच समजुतीवर चालत आला. दिवा एक रात्र जरी विझला तरी जहाज खडकावर जाऊ शकतं, म्हणून पाळी रिकामी ठेवायची नाही. हा धडा जगाने किंमत मोजून घेतला आहे. वेल्सच्या किनाऱ्यापासून दूर समुद्रात स्मॉल्स नावाचं दीपगृह आहे. १८०१ च्या सुमारास तिथे थॉमस हॉवेल आणि थॉमस ग्रिफिथ असे दोनच रखवालदार होते. ग्रिफिथ वारला. खुनाचा आळ येईल या भीतीने हॉवेलने प्रेत समुद्रात सोडलं नाही. वादळामुळे सुटकेची होडी कित्येक दिवस पोचू शकली नाही. तशातही त्याने दिवा विझू दिला नाही. त्यानंतर अशा दीपगृहांवर तीन माणसं ठेवण्याची पद्धत पडली. हॉवेलच्या निष्ठेचं कौतुक करून प्रशासन थांबलं नाही, त्याने माणसं वाढवली.

आमच्याकडे नेमकं उलटं होतं. एकटीने तीन गावांचं काम ओढणाऱ्या नर्सबाईचा सत्कार होतो, शेजारच्या उपकेंद्राचा अतिरिक्त कार्यभारही तिलाच मिळतो आणि रिक्त पद रिक्तच राहतं. आदिवासी भागात तीन हजार लोकसंख्येमागे एक उपकेंद्र, हा निकष कागदावर योग्यच आहे. पण पैनगंगेच्या काठच्या या तालुक्यात नाल्याला पूर आला की पोडावरची बाळंतीण आणि दवाखाना यांच्यात पाणी उभं राहतं. सोयाबीन-कपाशीच्या हंगामात साप चावलेला माणूस खाटेवर घालून आणतात. अशा वेळी दारात एकच हाक येते, "बाई हायेत का?" त्या हाकेला 'पद रिक्त आहे' हे उत्तर होऊ शकत नाही.

कर्मचारीच मुख्यालयी राहत नाहीत, वणी-पांढरकवड्याहून अप-डाऊन करतात, असा आक्षेप घेतला जातो. तो पुष्कळदा खरा असतो. पण गळकं क्वार्टर, पाण्याची ओरड आणि मुलांच्या शाळेची चिंता डोक्यावर ठेवून बाईमाणसाने एकटीने रात्र काढावी, ही अपेक्षा कोणत्या न्यायाची? दीपगृह बांधणाऱ्यांनी दिव्यासोबत रखवालदाराच्या निवाऱ्याचाही विचार केला होता.

आता यंत्रं आली, मोबाईलवरून डॉक्टर सल्ला देतात, मग माणूस कशाला, असंही म्हणतात. ब्रिटनमधलं शेवटचं दीपगृह १९९८ मध्ये स्वयंचलित झालं, हे खरं. दिवा सगळ्या जहाजांना एकच खूण देतो, म्हणून ते जमलं. बाळंतपण तसं नसतं. आडवं आलेलं मूल आणि घाबरलेली सासू यांच्यामध्ये कुणाचा तरी अनुभवी हात लागतो.

म्हणून माझं सांगणं सरळ आहे. दुर्गम तालुक्यातल्या आरोग्य पदावरून कुणालाही कार्यमुक्त करण्याआधी त्याच्या जागी येणारा माणूस रुजू झालेला असावा. आणि जाणाऱ्याची तारीख नेमणुकीच्या दिवशीच ठरलेली असावी, म्हणजे तोही अडकून पडणार नाही. जिथे रात्री बोलावणं येतं त्या उपकेंद्रात किमान दोन आरोग्यसेविका आणि राहण्याजोगी घरं द्या. बेशिस्त कर्मचाऱ्याला शिक्षा करायची असेल तर नियमाने कारवाई करा, त्याला आमच्याकडे पाठवू नका. चांगल्या माणसांना मानाने इकडे पाठवा आणि इथली सेवा पुढच्या बढतीत धरा.

या मागण्यांना नवा शोध लागत नाही. यवतमाळात आणि मुंबईत बसून आदेश काढणाऱ्यांनी एवढंच ठरवावं, की झरी जामणीतलं एकही उपकेंद्र एक रात्रही माणसाविना राहणार नाही.