आधी बोल, मग बोलायला देऊ

पैठणला रेड्याच्या मुखी वेद वदवले गेले, त्याच जिल्ह्यात सात वर्षांचं पोर बोलत नाही म्हणजे काय! माझा भाचा बोलत नाही. स्वमग्न आहे. हात धरून फ्रिजपर्यंत ओढत नेतो, नको असलेली भाजी अलगद माझ्या ताटात सरकवतो. बोलतो म्हणजे भरपूर, फक्त तोंडाने नाही. पण सिडकोतल्या ज्या सेंटरात त्याला नेत होतो, तिथे हे हिशेबात धरत नसत.

"काका, चित्रांचा बोर्ड दिला की मुलं आळशी होतात. मग तोंडाने कशाला बोलतील?" मॅडमनी मला समजावलं. समजावता समजावता व्हॉट्सअ‍ॅपवर कुणाला तरी अंगठे आणि जोडलेले हात पाठवत होत्या. त्यांची वाचा शाबूत होती. मी लक्ष ठेवून होतो.

भिंतीवर स्किनरसाहेबांची तसबीर. वर्तनशास्त्राचं आद्यपीठच! या साहेबांनी 1957 साली 'व्हर्बल बिहेवियर' नावाचा ग्रंथ लिहिला. त्यात भाषिक वर्तन म्हणजे निव्वळ तोंडचा आवाज नव्हे. समोरच्या माणसाकरवी ज्याचं फळ मिळतं ते सगळं त्यात आलं: खूण, लेखन, बोट दाखवणंसुद्धा. म्हणजे देवाला रोज हार, आणि पोथीचं फडकं काही सोडायचं नाही.

बरं, बोर्डाने बोलणं खुंटतं याला पुरावा? मिलर, लाइट आणि श्लॉसर या संशोधकांनी 2006 मध्ये तोवरचे अभ्यास चाळले. भरवशाचा पुरावा असलेल्या 27 जणांत एकाचंही बोलणं घटलेलं नव्हतं, 89 टक्क्यांचं वाढलं होतं. वाढ बेताचीच, हेही त्यांनीच सांगून टाकलं. आमच्या मॅडमचा पुरावा? "आमचा अनुभव आहे ना, काका!"

त्यात पुन्हा पात्रता परीक्षा. आधी खुर्चीत नीट बस, डोळ्यात बघ, हात मांडीवर ठेव. मग बोर्डाचं बघू. पाय मोडलेल्याने आधी गुलमंडीला चार चकरा मारून दाखवाव्यात, मग कुबड्या मंजूर!

शेवटी बोर्ड प्राप्त झाला एकदाचा. चार चित्रं: चिप्स, पाणी, बॉल, शू. एवढ्यात माणसाचं आयुष्य आटोपतं, असं शास्त्र असावं. शिवाय बोर्ड राहणार कपाटावर. शहाण्यासारखं वागला तर खाली, ओरडला की परत वर. ज्याला सांगता येत नाही म्हणून तो ओरडतो, त्याचं सांगायचं साधनच ओरडल्याबद्दल जप्त!

आणि 'नको'चं चित्र?

"ते दिलं तर तो प्रत्येक कामाला नकोच म्हणेल हो."

बरोबर. आपण कुठे म्हणतो? मग एके दिवशी मणी ओवायचं तबक चौथ्यांदा पुढ्यात आलं आणि भाचा मॅडमच्या मनगटाला चावला. तक्त्यावर नोंद झाली: 'आक्रमक वर्तन'. मला मात्र ते वाक्य स्वच्छ ऐकू आलं. कर्ता, कर्म, क्रियापद, सगळं जागच्या जागी. कार आणि ड्युरांड हे स्किनरसाहेबांच्याच विद्येतले संशोधक. आदळआपट ज्यासाठी चालते तेच मागायचा साधा मार्ग मुलाला शिकवला की आदळआपट कमी होते, हे त्यांनी 1985 मध्येच दाखवून दिलं. टपाल बहुधा अजून जालना रोडच्या ट्रॅफिकमध्ये अडकलं असावं.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 'संप्रेषणा'च्या व्याख्येतच पूरक आणि पर्यायी पद्धती, म्हणजे असे बोर्डसुद्धा, येतात. आयआयटी मुंबईचं चित्रांनी बोलायचं 'जेलो' अ‍ॅप फुकट आहे, मराठीत आहे. मुंबईच्या मालिनी चिब यांनी एका बोटाने टाइप करत आत्मचरित्र लिहिलं, 2010 मध्ये ते छापून आलं. त्यांना आळशी म्हणायला कुणाला पाठवू या?

घरी आम्ही लाल फुलीचं 'नको' बोर्डावर चिकटवलं. त्याने ते पहिल्यांदा दाखवलं माझ्या गाण्याला.

तुम्ही सेंटरात गेलात तर आधी बोर्ड कुठे ठेवलाय ते बघा, मग त्यावर 'नको' शोधा. सापडलं नाही, तर फी भरायच्या आत तुम्हीच म्हणा.