तारीख आपली, गृहीतक कुणाचे?

मागे एकदा महापरिनिर्वाण दिनाच्या अभिवादन सभेची नोंद आपल्या मंडळाच्या संकेतस्थळावर मीच केली होती. बहुतेकांनी व्हॉट्सॲपवरचा निरोप वाचला आणि ते ६ डिसेंबरला आले. अमेरिकेत नव्यानेच आलेले एक कुटुंब मात्र संकेतस्थळावर विसंबले. तिथे ५ डिसेंबर दिसत होते. परदेशात आपण कार्यक्रम सोयीच्या दिवशी ठेवतो, म्हणून त्यांना शंकाही आली नाही. वृद्ध आईवडिलांना घेऊन, कडाक्याच्या थंडीत, ते बंद दारापाशी पोहोचले.

चूक माझी होती. मी केवळ तारीख दिली. प्रणालीने तिला वैश्विक प्रमाणवेळेची मध्यरात्र जोडली. त्या क्षणी भारतात ६ डिसेंबरच्या पहाटेचे साडेपाच वाजलेले असतात, न्यूयॉर्कमध्ये मात्र ५ डिसेंबरच्या सायंकाळचे सात. माझे चाचणीचे यंत्र वैश्विक वेळेवर चालत असल्याने मला सारे बिनचूक दिसले.

दुसरा घोटाळा क्रमाचा. ६/१२/१९५६ हे भारतात व ब्रिटनमध्ये ६ डिसेंबर, तर अमेरिकेत १२ जून. धम्मदीक्षेची १४/१०/१९५६ ही तारीख अमेरिकी पद्धतीने वाचू गेल्यास चौदावा महिनाच नसल्याने चूक उघडी पडते. ६/१२ मात्र निमूटपणे बदलते. जन्मतारीख, व्हिसाची मुदत, डॉक्टरांची भेट अशा ठिकाणी ही निमूट चूकच अधिक घातक.

दिवस-महिन्याचा क्रम, अंक, महिन्यांची नावे, कालगणना या संकेतांच्या संचाला आमच्या व्यवसायात ‘लोकेल’ म्हणतात. युनिकोड संस्थेच्या सीएलडीआर या संग्रहात अनेक भाषांचे असे संच आहेत. मराठीचा संच निवडला की तारीख देवनागरी अंकांत येते; थायलंडचा निवडला की वर्ष बुद्धाब्दात येते आणि १९५६ चे २४९९ होते. म्हणजे सोय उपलब्ध आहे. आम्ही अभियंते निवड करण्याचा कंटाळा करतो, आणि मग पुष्कळदा अमेरिकी इंग्रजीचा संच आपोआप लागू होतो. सर्वांसाठीचा म्हणून जो नियम पुढे येतो, तो अनेकदा कुणा एकाची सवय असतो, हे आपल्या समाजाला वेगळे सांगायला नको.

म्हणून व्यवसायबंधूंना माझे आग्रहाचे सांगणे आहे. जन्मदिन, स्मृतिदिन यांना वेळ चिकटवू नका. ती निव्वळ तारीख म्हणूनच, आयएसओ ८६०१ या मानकाप्रमाणे वर्ष-महिना-दिवस या क्रमाने साठवा. सभेच्या वेळेसोबत मात्र त्या शहराचा टाइम झोन अवश्य नोंदवा. चाचणी स्वतःच्या यंत्रापुरती न ठेवता मुंबई, लंडन व शिकागोच्या वेळेवरही करा. इतरांनी एवढेच करावे: सूचनापत्र असो वा अर्ज, मुभा असेल तिथे महिना अक्षरांत लिहावा.

त्या कुटुंबाने दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढाच प्रवास केला आणि ते सभेला आले. मी क्षमा मागितली, त्यांनी ती हसून दिली. पण अभियंत्याची खरी क्षमायाचना दुरुस्तीतच असते. ती मी त्याच रात्री केली.