न चुकणारा सूर

मुलाला पेटीच्या क्लासला घालावं की संगीताचा व्हिडिओ गेम द्यावा, असं पालक मला विचारतात. निन्टेन्डोने २००८ साली आणलेला ‘वी म्युझिक’ त्यातला अगदी सोपा. साठाहून अधिक वाद्यं. हात हलवला की वाजलंच! लय आपली, सूर बहुतेक यंत्रच निवडतं. म्हणून आजी-नातवाची मैफल लगेच जमते. तो आनंद खोटा नाही. पण सूर चुकतच नाही, तिथे कान तयार कसा होणार? आपल्या बेळगावात पं. रामभाऊ विजापुरे यांनी पिढ्यांना पेटी शिकवली. पेटीवर चुकीची पट्टी दाबली की घरभर कळतं! तेव्हा गोडी लागायला खेळ जरूर द्या. पण माळ्यावरची पेटीही खाली काढा.