गळ्यातला पट्टा

मंगळवारची रात्र, अकरा वीस. डेडलाइन डोक्यावर, कॉफीचा तिसरा मग हातात, आणि अनोळखी नंबरवरून मेसेज. टिंग! उघडला तर माझ्या मावसभावाचा फोटो. खाली हिंदीतून मजकूर की, हा माणूस चोर आहे, पैसे घेऊन पळालाय, आणि जामीन म्हणून त्याने तुमचं नाव दिलंय.

नारायणगावचा माझा मावसभाऊ आणि चोर? लहानपणी शेजारच्या झाडाच्या कैऱ्या पाडायलाही जो घाबरायचा, तो?

म्हटलं, स्पॅम असेल. पण दहा मिनिटांत आईचा फोन आला. मग मंचरच्या मामाचा. सगळ्यांना तोच मेसेज. त्याच्या शाळेतल्या सरांना, डेअरीवाल्याला, खताच्या दुकानदाराला. आणि हे ऐकून मात्र माझ्या पोटात गोळाच आला, पंधरा दिवसांपूर्वी जिच्याशी त्याची सुपारी फुटली होती, तिच्या वडिलांनाही!

शनिवारी पहिली एसटी पकडून मी नारायणगाव गाठलं. मावशी गप्प, काका गप्प, आणि हा पठ्ठ्या गोठ्यामागे फोन बंद करून बसलेला. हळूहळू सगळं बाहेर आलं. टोमॅटोच्या लागवडीसाठी मल्चिंग पेपर घ्यायचा होता आणि सहा हजार कमी पडत होते. फोनवर पेपरचा भाव शोधला. त्यानंतर दोन दिवस प्रत्येक साइटवर मल्चिंगच्या जाहिराती, आणि मग 'पाच मिनिटांत लोन, कागदपत्रं नको' अशी एक. योगायोग असेलही. त्याने टच केलं, अ‍ॅप उतरवलं. अ‍ॅपने कॉन्टॅक्ट, फोटो, लोकेशन मागितलं. याने 'अलाऊ, अलाऊ, अलाऊ' केलं. हातात आले तीन हजार नऊशे, फेडायचे होते सहा हजार, तेही सात दिवसांत. सहाव्याच दिवशी त्याच्या फोनमधल्या पावणेचारशे नंबरांवर मेसेज सुटले.

"अगं ताई, मला वाटलं सगळीच अ‍ॅप विचारतात, तसंच हेपण."

या वाक्यावर मी काय बोलणार? मीही तेच करते की! तुम्हीही करता. फरक एवढाच, की आपल्या गळ्यातला पट्टा अजून कुणी ओढलेला नाही.

पट्टा म्हणण्याचं कारण आहे. मावशीच्या घरामागे ऊस आहे, आणि जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर या पट्ट्यात ऊस म्हटला की बिबट्या आलाच. रात्री अंगणात जायचं तरी टॉर्च आणि काठी लागते. त्या संध्याकाळी काकांशी बोलता बोलता 'आजोबा'चा विषय निघाला. सिनेमा पाहिला असेल तुम्ही, २०१४ चा, ऊर्मिला मातोंडकरचा. त्यातला बिबट्या खरा होता. २००९ मध्ये नगर जिल्ह्यातल्या टाकळी ढोकेश्वरला विहिरीत पडलेला हा म्हातारा नर वनखात्याने बाहेर काढला. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी त्याच्या गळ्यात जीपीएसचा पट्टा बांधला आणि जुन्नरला खेटून असलेल्या माळशेज घाटात त्याला सोडून दिलं. आजोबा तिथून निघाला तो महिनाभराच्या आत सुमारे १२० किलोमीटर चालून थेट मुंबईच्या संजय गांधी उद्यानापाशी! २०११ च्या डिसेंबरमध्ये हायवेवर गाडीखाली तो गेला, तेव्हा अंगातल्या मायक्रोचिपवरून त्याची ओळख पटली.

आता गंमत बघा. बिबट्याच्या गळ्यात पट्टा बांधायचा तर सरकारची परवानगी लागते. कोण बांधतंय, कशासाठी, किती दिवस, सगळं कागदावर येतं. पट्ट्याची बॅटरी कधीतरी संपते. काही पट्टे तर मुदत संपली की आपोआप गळून पडतील असेच बनवलेले असतात. आणि तुमचा-माझा पट्टा? परवानगीच्या नावाखाली एक 'अ‍ॅक्सेप्ट ऑल'चं बटण. बॅटरी आपणच रोज रात्री चार्ज करतो, आणि मुदत तर नाहीच.

तर मंडळी, हा पट्टा चालतो कसा? नारायणगावचा टोमॅटो बाजार डोळ्यांसमोर आणा. क्रेट मांडलेले, व्यापारी फिरतायत, बोली लागतेय. इंटरनेटवरच्या बऱ्याचशा जाहिरातींचं असंच चालतं, फक्त क्रेटमध्ये टोमॅटोच्या जागी तुम्ही असता. पान उघडायला लागलं की डोळ्याची पापणी लवायच्या आत लिलाव होतो. हा फोन कुठला, साधारण कुठल्या गावात आहे, कुठलं पान वाचतोय, याआधी काय शोधलं, ही माहिती डझनावारी कंपन्यांपुढे मांडली जाते. सर्वांत जास्त बोली लावणाऱ्याची जाहिरात तुम्हाला दिसते. पण खरी मेख पुढे आहे. बाजारात हरलेला व्यापारी रिकाम्या हाताने जातो. इथे हरलेल्यांनीही तुमचा क्रेट उघडून बघितलेला असतो!

म्हणून अ‍ॅड ब्लॉकर म्हणजे फक्त 'जाहिरातींची कटकट नको' एवढाच फंडा नाही. तो करतो काय? जाहिराती आणि ट्रॅकर जिथून येतात त्या पत्त्यांच्या मोठमोठ्या याद्या स्वयंसेवकांनी बनवल्या आहेत. 'ईझीलिस्ट' ही त्यातली सर्वांत गाजलेली. पान उघडताना यादीतल्या पत्त्याकडे निरोप निघाला, की ब्लॉकर तो वाटेतच अडवतो. जाहिरात झाकली जात नाही, ती बोलावलीच जात नाही. त्यामुळे लिलावही होत नाही. शिवाय पान झटकन उघडतं आणि डेटा वाचतो.

आणि हे फक्त कॉम्प्युटरवेड्यांचं खूळ आहे असं वाटत असेल, तर डिसेंबर २०२२ मध्ये खुद्द अमेरिकेच्या एफबीआयने लोकांना सांगितलं, की सर्च करताना अ‍ॅड ब्लॉकर वापरा. कारण चोर मंडळी पैसे देऊन सर्चमध्ये वरच जाहिरात लावतात आणि खऱ्या कंपनीसारखी दिसणारी खोटी साइट उघडून देतात.

'मी तर इन्कॉग्निटो वापरतो' असं म्हणणाऱ्यांसाठी दोन शब्द. इन्कॉग्निटो तुमची हिस्ट्री तुमच्याच फोनपासून लपवतो, म्हणजे बायकोला सरप्राइज गिफ्ट घेताना उपयोगी. साइटला तुम्ही दिसताच. याच मुद्द्यावर गूगलवर २०२० मध्ये अमेरिकेत खटला झाला आणि २०२४ च्या तडजोडीत कंपनीने साठवलेल्या अब्जावधी नोंदी पुसायचं कबूल केलं.

आता एक कबुली. हे साप्ताहिक जाहिरातींवर चालतं. माझं मानधन, म्हणजे पर्यायाने त्या रात्रीची कॉफीसुद्धा, त्यातूनच येते. मग मीच 'जाहिरात अडवा' सांगणं म्हणजे बसल्या फांदीवर कुऱ्हाड नाही का? मी यावर बराच विचार केला. या पानाच्या शेजारी फ्लॅटची जाहिरात असेल तर तिच्याकडे जरूर बघा. कारण तुम्ही तिच्याकडे बघता, ती तुमच्याकडे बघत नाही. तुम्ही पान किती वेळ उघडं ठेवलंत, नंतर कुठे गेलात, हे तिला कळत नाही. माझं भांडण जाहिरातीशी नाही, तिच्या मागे लपलेल्या पट्ट्याशी आहे. जी साइट आवडते आणि सरळ वागते, तिच्यासाठी ब्लॉकर एका टिचकीत बंद करता येतो. किंवा सरळ वर्गणी भरा. पट्ट्यापेक्षा ते स्वस्त पडतं.

रविवारी परतीच्या वाटेवर मंचरला मामाकडे उतरले. मामेबहिणीचा लॅपटॉप आठ वर्षांचा. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि नवीन विंडोज त्यावर चढत नव्हतं. मामा नवा लॅपटॉप घ्यायच्या तयारीत. म्हटलं, थांबा! पेन ड्राइव्हवर लिनक्स मिंट घेतलं. ते आधी पेन ड्राइव्हवरूनच चालवून बघता येतं, आवडलं तरच टाकायचं. वायफाय, आवाज, प्रिंटर सगळं ठाकठीक दिसल्यावर तिच्या फायलींची कॉपी काढली आणि चहा होईपर्यंत मिंट बसलंसुद्धा. सोबत लिब्रेऑफिस आणि फायरफॉक्स आयतेच. खर्च शून्य. "यात जाहिराती कुठे दिसतात?" मामेबहिणीचा प्रश्न. दिसत नाहीत गं बाई!

तर या वीकेंडला तुम्ही काय करायचं?

१. ब्राउझर बदला. फायरफॉक्स घ्या आणि त्यात 'यूब्लॉक ओरिजिन' टाका. फुकट आहे, आणि बनवणारा रेमंड हिल देणगीही घेत नाही. सारख्या नावाच्या नकला आहेत, म्हणून बनवणाऱ्याचं नाव बघूनच घ्या. अँड्रॉइड फोनवरच्या फायरफॉक्समध्येही तो चालतो. क्रोमने जुनी एक्स्टेन्शनची पद्धत २०२४-२५ मध्ये बंद केली, त्यामुळे तिथे त्याची फक्त 'लाइट' आवृत्ती मिळते.

२. अँड्रॉइड ९ किंवा पुढचा फोन असेल तर सेटिंगमध्ये 'प्रायव्हेट डीएनएस' शोधा. तिथे अ‍ॅडगार्डसारख्या सेवेचा पत्ता टाकला की गेम आणि इतर अ‍ॅपमधल्याही बऱ्याच जाहिराती गळतात. इन्स्टा आणि यूट्यूबच्या अ‍ॅपमधल्या मात्र जात नाहीत, उगाच आशा नको.

३. अँड्रॉइडच्या गूगल सेटिंगमध्ये 'अ‍ॅड्स'खाली जाऊन अ‍ॅडव्हर्टायझिंग आयडी डिलीट करा. आयफोनवाल्यांनी 'ट्रॅकिंग'मध्ये जाऊन अ‍ॅपना विचारायचीच बंदी करा.

४. परमिशन मॅनेजर उघडा. कॉन्टॅक्ट कुणाकुणाला दिलेत ते बघा. धक्का बसेल. काढून टाका. खरंच लागलं तर अ‍ॅप पुन्हा विचारेल.

५. सर्चसाठी डकडकगो, चॅटसाठी सिग्नल, नकाशासाठी ऑरगॅनिक मॅप्स. सगळं एका दिवसात नको, महिन्याला एक बदला.

६. ऑफिसच्या लॅपटॉपवर काहीही टाकण्याआधी आयटीवाल्यांना विचारा. नोकरी राहिली तर प्रायव्हसी!

पण खरं सांगू? भावाचं काम फक्त ब्लॉकरने झालं नसतं. ब्लॉकर असता तर कदाचित ती जाहिरात दिसली नसती, पण कॉन्टॅक्टचं दार त्याने स्वतः उघडलं होतं. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्येच सांगितलंय, की कर्ज देणाऱ्या अ‍ॅपने तुमचे कॉन्टॅक्ट, कॉल लॉग, फोटो-फायलींना हात लावायचा नाही. म्हणजे कर्जाचं अ‍ॅप कॉन्टॅक्ट मागतंय, एवढं एकच कारण ते फेकून द्यायला पुरेसं आहे. अधिकृत अ‍ॅपची यादीही २०२५ पासून बँकेच्या साइटवर आहे. घेण्याआधी दोन मिनिटं तिथे बघा.

आणि कायदा? प्रायव्हसी हा मूलभूत हक्क आहे, असं सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ ला पुट्टस्वामी खटल्यात एकमताने सांगितलं. डेटा संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये आला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये, आणि कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला त्यात अठरा महिन्यांची मुदत. हक्क मिळाल्यापासून एवढा काळ. तोवर आपलं कुंपण आपणच घालायचं.

भावाने १९३० वर फोन केला, सायबर पोर्टलवर तक्रार केली, सगळ्या स्क्रीनशॉटसकट. त्याहून अवघड काम म्हणजे त्याने स्वतः पावणेचारशे जणांना मेसेज केला, 'मी फसलो, ते पैसे मागतील, देऊ नका.' नंबर बदलून बदलून धमक्या आल्या, मग थांबल्या. सोयरीक टिकली. होणाऱ्या सुनबाईंनीच म्हणे घरी सांगितलं, की असाच मेसेज माझ्या मैत्रिणीच्या नावानेही फिरला होता, ती काय चोर नाही.

निघण्याआधी काकांनी स्वतःचा फोन पुढे केला. "माझ्यातबी बघ काय हाय का." बघितलं. टॉर्चचं एक अ‍ॅप! बिबट्याच्या भीतीने मुद्दाम घेतलेलं, 'जास्त उजेड पडतो' म्हणून. त्याच्याकडे लोकेशन आणि कॉन्टॅक्ट दोन्हीची परवानगी. हेही नवं नाही. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या एका गाजलेल्या टॉर्च अ‍ॅपला तिथल्या व्यापार आयोगाने पकडलं होतं, कारण ते वापरणाऱ्यांचं लोकेशन जाहिरातवाल्यांना पुरवत होतं.

"टॉर्चला माझ्या पाव्हण्यांचे नंबर कशाला पायजेत?" काका म्हणाले.

मी अ‍ॅप काढून टाकलं आणि फोनमधलाच टॉर्च लावून दिला. उजेड तेवढाच पडला. काका फोन घेऊन उसाच्या कडेने पाणी द्यायला निघून गेले.

तुमच्या फोनमध्ये कुठली टॉर्च आहे, बघितलंत?